एका टाकीत दोन ऑस्कर
दुकानात बोटाएवढी दिसणारी ही पिल्ले वर्षभरात वीतभर होतात आणि मग घरातल्या काचेच्या टाकीत भाऊबंदकी सुरू होते. ती टाळायची कशी, आणि पेटलीच तर विझवायची कशी?

रविवारची सकाळ. समजा, नोएडातल्या चौथ्या मजल्यावरच्या एका मराठी घरात चहा-पोह्यांचा कार्यक्रम चालू आहे. दोन फुटी काचेच्या टाकीसमोर दहा वर्षांचा मुलगा उभा आहे. तीन महिन्यांपूर्वी वाढदिवसाला मोठ्या हौसेने आणलेल्या दोन ऑस्कर माशांपैकी एक टाकीच्या मधोमध ऐटीत फिरतो आहे. दुसरा मात्र हिटरच्या मागे, कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थराला चिकटून आहे. त्याची शेपटी झालरीसारखी फाटली आहे, रंग काळवंडला आहे. मुलगा विचारतो, ‘‘बाबा, हे दोघे भाऊ आहेत ना? मग हा त्याला मारतो का?’’

बाबांकडे उत्तर नसते. दुकानदाराने तर सांगितले होते, ‘‘जोडी ले जाइए साहब, अकेला उदास रहेगा।’’ आणि वर हेही सांगितले होते, की मासा टाकीच्या मापानेच वाढतो, काळजी नको.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद या पट्ट्यात असे प्रसंग अनेक घरांत घडतात. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायला सोसायटीची कुरकुर, मांजराला घरच्यांची ना. मग मासे सोयीचे वाटतात. ना भुंकणे, ना फिरायला नेणे. त्यातही ऑस्करची पिल्ले पटकन मन जिंकतात, कारण ती माणसाला ओळखल्यासारखी काचेशी येतात. पण या माशाचा स्वभाव आणि आकार ठाऊक नसेल तर हौसेचे रूपांतर मनस्तापात व्हायला वेळ लागत नाही.

पाहुणा दूरदेशचा

ऑस्कर हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा रहिवासी. अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातल्या संथ पाण्यात तो राहतो. लुई अगासी या शास्त्रज्ञाने १८३१ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले तेव्हा तो समुद्रातला मासा असावा असा त्याचा समज झाला होता. आज त्याचे शास्त्रीय नाव अॅस्ट्रोनोटस ऑसेलेटस असे आहे. ‘ऑसेलेटस’ म्हणजे डोळ्यासारखा ठिपका असलेला. मोठ्या ऑस्करच्या शेपटीच्या मुळाशी नारिंगी कड्यात काळा ठिपका असतो, त्यावरून हे नाव पडले. पिराना मासे शेपटीचे लचके तोडतात, त्यांना शेपटीकडचे टोक डोक्यासारखे भासावे म्हणून हा खोटा डोळा उपयोगी पडत असावा, असे एक मत आहे.

हा मासा ‘सिक्लिड’ कुळातला. या कुळाची दोन वैशिष्ट्ये सांगतात. एक, अंडी आणि पिल्ले यांची हे मासे राखण करतात. ऑस्करची मादी सपाट दगडावर हजार ते तीन हजार अंडी घालते आणि नर-मादी दोघेही पहारा देतात. दुसरे वैशिष्ट्य पहिल्यातूनच येते. ज्याला पिल्ले राखायची, त्याला जागा राखावी लागते. म्हणून हे मासे आपापल्या हद्दीबाबत अतिशय हळवे असतात. नदीत हद्दीचे भांडण झाले तर हरलेला दूर पोहून जातो आणि प्रश्न मिटतो. काचेच्या टाकीत ‘दूर’ नावाची जागाच नसते. सारी गोम इथेच आहे.

टाकीएवढाच मासा? निव्वळ गैरसमज

दुकानात ऑस्करची पिल्ले दीड-दोन इंचांची असतात. काळ्या अंगावर पांढऱ्या-नारिंगी नागमोडी रेघा आणि डोक्यावर ठिपके. ही नक्षी बघूनच मुले हट्ट धरतात. पुढे ही नक्षी जाते आणि ‘टायगर’, ‘रेड’ किंवा ‘अल्बिनो’ अशा जातवारीप्रमाणे मोठेपणीचा रंग चढतो.

नीट खाणेपिणे आणि स्वच्छ पाणी मिळाले तर पहिले काही महिने हे पिल्लू दरमहा जवळजवळ एक इंच वाढते. वर्षभरात ते आठ ते दहा इंचांचे होते. पूर्ण वाढलेला ऑस्कर बारा इंचांच्या घरात जातो. आणि तो दहा-बारा वर्षे सहज जगतो. म्हणजे आज तिसरीत असलेला मुलगा कॉलेजात जाईपर्यंत हा पाहुणा घरात असणार!

‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ हे वाक्य दुकानांत सर्रास ऐकू येते. त्यात सत्य एवढेच, की कोंदट टाकीत, घाण पाण्यात माशाची वाढ खुंटते. पण ती वाढ थांबणे म्हणजे समजूतदारपणा नव्हे. पाठीचा कणा वाकणे, डोक्यावर खड्डे पडणे, अकाली मरणे असे त्याचे परिणाम होतात. लहान मापाचा बूट घातल्याने मुलाचा पाय लहान राहत नाही, बिघडतो. तसेच हे आहे.

आता थोडा हिशेब करू. एक घनफूट जागेत सुमारे २८ लिटर पाणी मावते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी : सुमारे ५६ लिटर. दोन इंची पिल्लांना दोन महिने तात्पुरती.

चार फूट, दीड फूट, दीड फूट : सुमारे २५५ लिटर. एका मोठ्या ऑस्करसाठी.

चार फूट, दोन फूट, दोन फूट : सुमारे ४५० लिटर. स्वभाव जुळले तर दोघांसाठी.

सहा फूट, दोन फूट, दोन फूट : सुमारे ६८० लिटर. तीन-चार पिल्ले एकत्र वाढवून पाहायची असतील तर.

काचेच्या जाडीमुळे, वाळूमुळे आणि वर ठेवलेल्या मोकळ्या जागेमुळे प्रत्यक्ष पाणी याहून दहा-बारा टक्के कमी भरते. लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची. फूटभर लांबीच्या माशाला एक फूट रुंदीच्या टाकीत सरळ वळताही येत नाही. उंच, निमुळत्या, दिवाणखान्यात शोभून दिसणाऱ्या टाक्या ऑस्करच्या कामाच्या नाहीत.

थोडीशी मोठी टाकी का पुरत नाही?

भांडणे सुरू झाली की पुष्कळ जण दोन फुटी टाकीच्या जागी अडीच फुटी आणतात. पैसे जातात, भांडणे राहतात. याला शास्त्रीय आधार आहे. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी ऑस्करच्याच कुळातल्या ‘मिडास सिक्लिड’ या माशाच्या पिल्लांवर अभ्यास केला आणि २०११ साली तो प्रसिद्ध केला. लहान टाक्यांमध्ये माशांची संख्या किंवा टाकीचे माप थोडेफार बदलून भांडणांत फरक पडला नाही. टाकी बरीच मोठी, म्हणजे शंभर गॅलन अथवा सुमारे ३८० लिटरच्या आसपासची झाली आणि तिच्यात आडोसे, लपायच्या जागा आल्या, तेव्हाच मारामाऱ्या कमी झाल्या.

यातून घरच्यासाठी दोन धडे मिळतात. जागा वाढवायची तर ती भरघोस वाढवावी, वीतभर नव्हे. आणि नुसती जागा पुरेशी नाही, एकाला दुसरा सतत दिसणार नाही अशी रचनाही हवी. एकत्र कुटुंबात नाही का, खोल्या दोनच असल्या तरी मधे पडदा असला की निम्मे खटके टळतात!

एक, दोन, की सहा?

‘एकटा मासा उदास होईल’ ही भीती ऑस्करच्या बाबतीत अनाठायी आहे. हा थव्याने राहणारा मासा नाही. एकटा ऑस्कर घरातल्या माणसांशीच मैत्री करतो, खाण्याच्या वेळी काचेशी येतो, कोण खाऊ घालते ते ओळखू लागतो. चार फुटी टाकीपलीकडे जागा नसेल तर एकच ऑस्कर पाळावा, हाच सर्वांत सुखाचा मार्ग.

दोन ठेवले तर काय होते? लहानपणी दोघे गुण्यागोविंदाने राहतात. चार-पाच इंचांचे झाले की त्यांच्यातला एक वरचढ ठरतो. तिसरा कोणी नसल्याने त्याचा सारा राग एकाच्याच वाट्याला येतो. दोघांपैकी नर कोण, मादी कोण हे बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे ‘जोडी’ म्हणून विकलेली पिल्ले दोन नरही निघू शकतात.

तीन ठेवले तर धोका वेगळा. वर्ष-सव्वा वर्षाचे होताना दोघांची जोडी जमली की ते मिळून तिसऱ्याला टाकीत उभे राहू देत नाहीत. पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवली तर मार वाटला जातो, एकट्यावर येत नाही आणि त्यातून आपसूक जोडी जमू शकते. पण यासाठी सहा फुटी टाकी हवी आणि जोडी जमल्यावर बाकीच्यांना कुठे पाठवायचे हे आधीच ठरलेले हवे. घरगुती हौसेसाठी हा मार्ग नव्हे.

दोन ठेवायचेच असतील तर काही पथ्ये पाळावीत. दोन्ही पिल्ले एकाच मापाची, एकाच दिवशी आणि एकाच वेळी टाकीत सोडावीत. आधीच्याने घर बळकावल्यावर दुसरा आणणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. गप्पी, मॉली यांसारखे छोटे मासे सोबत ठेवू नयेत. ऑस्करच्या तोंडात मावेल ते त्याचे अन्न, हा त्याचा साधा नियम आहे. ‘काच साफ करतो’ म्हणून दिला जाणारा सकर मासाही पुढे फूटभर वाढतो, हे लक्षात ठेवावे.

दंगामस्ती की मारामारी?

प्रत्येक धक्काबुक्कीला घाबरायचे कारण नाही. ऑस्करची भांडणे बरीचशी ठरलेल्या रीतीने चालतात. आधी कल्ले फुगवून दाखवायचे, मग शेजारी येऊन शेपटीने पाण्याचा फटका मारायचा, मग तोंडात तोंड अडकवून एकमेकांना ढकलायचे. दोन पैलवानांनी खडाखडी करावी, तसेच. बहुतेक वेळा एवढ्यावर निकाल लागतो.

हरलेला मासा रंग बदलतो. त्याचे अंग जवळजवळ काळे होते आणि त्यावर फिकट, वेडेवाकडे उभे पट्टे उमटतात. ही शरणागतीची खूण आहे, आणि हा रंग पाहून जिंकणाऱ्याचा आवेश कमी होतो असे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना दिसून आले आहे. म्हणजे निसर्गाने माफी मागायची सोय करून ठेवली आहे. पण माफी मागितल्यावर निघून जायला वाट हवी. लहान टाकीत हरलेला मासा पुन्हा पुन्हा समोर येतो आणि पुन्हा पुन्हा मार खातो.

म्हणून पुढील खुणा दिसल्या की वाट पाहू नये. एक मासा दिवसभर कोपऱ्यात किंवा पाण्याच्या वर तोंड करून राहतो. दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. पंख फाटले आहेत, खवले निघाले आहेत, डोळ्याला इजा आहे. काळा रंग तासाभरात न जाता दिवसचे दिवस टिकतो. किंवा एक वाढतो आहे आणि दुसरा तेवढाच राहिला आहे. ही शेवटची खूण सर्वांत फसवी. जखम दिसत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, पण तो मासा उपाशी असतो.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी. टाकी नुकतीच धुतली किंवा दगड हलवले, तर ऑस्कर रुसून तळाशी आडवा पडून राहतो. नवख्या माणसाला तो मेलाच असे वाटते. तासा-दोन तासांत स्वारी उठून खायला येते.

भांडण पेटले तर

पहिली गोष्ट, दोघांना वेगळे करावे. टाकीच्या मधोमध छिद्रे पाडलेला अॅक्रिलिकचा पडदा बसवता येतो. पाणी इकडून तिकडे जाते, मासे जात नाहीत. पडदा घट्ट बसलेला हवा, कारण ऑस्कर अंगाच्या जोराने तो पाडतो. काही दिवस एकमेकांना पाहू न देणारा अपारदर्शक पडदा अधिक चांगला.

दुसरा उपाय असा, की बाहेर काढायचे तर मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला काढावे. चार-पाच दिवस त्याला हवेचा पंप आणि हिटर लावलेल्या मोठ्या टबात ठेवावे. तेवढ्यात दुसरा टाकीत मोकळा फिरू लागतो. पहिल्याला परत सोडण्यापूर्वी टाकीतले दगड, मडकी यांच्या जागा पूर्ण बदलाव्यात आणि दिवे मालवून, रात्री त्याला आत सोडावे. परतलेल्याला आपली जुनी हद्द सापडत नाही, दोघेही नवखे होतात. पंधरा दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले तर मात्र हे दोघे एका टाकीत नांदणार नाहीत हे मान्य करावे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपल्याला काही नवीन नाही.

आडोशांसाठी महागडी सजावट लागत नाही. कुंभाराकडचे, रंग न दिलेले मडके आडवे ठेवले तरी चालते. गुळगुळीत मोठे दगड मधोमध अशा रीतीने रचावेत, की टाकीच्या एका टोकाचे दुसऱ्याला दिसू नये. दगड वाळूवर न ठेवता तळाच्या काचेवर थर्माकोलचा पातळ तुकडा घालून त्यावर ठेवावेत. ऑस्कर वाळू उकरतो. वाळूवरचा दगड घसरला तर काच फुटते. वर झाकण हवे आणि त्याला अडकणही हवे, कारण पळणारा मासा टाकीबाहेर उडी मारतो.

खाणे दोन्ही टोकांना एकाच वेळी टाकावे, म्हणजे दांडग्याला दोन्हीकडे पुरे पडता येत नाही. पिल्लांना दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. बाजारात मिळणाऱ्या गोळ्या हा मुख्य आहार ठेवला तर श्रावण पाळणाऱ्या घरातही ऑस्कर आनंदात राहतो. अधूनमधून गांडूळ किंवा सोललेली कोळंबी चालते. मटण, चिकन देऊ नये, ती चरबी त्याला पचत नाही. जिवंत छोटे मासे खायला घालण्याची हौस तर टाळावीच. त्यातून रोग येतात.

जखमा झालेल्या माशाला सर्वांत मोठे औषध म्हणजे स्वच्छ पाणी. दर दहा लिटरला चहाचा एक चमचा साधे खडे मीठ, आधी पाण्यात विरघळवून, हळूहळू घातले तर जखम भरायला मदत होते. जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली तर जाणकाराला विचारून औषध करावे.

दिल्लीचे पाणी, दिल्लीची हवा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून मासे आणणाऱ्याला जो प्रश्न पडत नाही तो दिल्लीकराला पडतो, तो हवामानाचा. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी १३ अंशांच्या खाली गेले तर तो जगत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या बंद खोलीतले पाणीही त्या दिशेने घसरते. तेव्हा हिटर हवाच. दर लिटरला साधारण एक वॅट हा हिशेब धरावा. काचेचा हिटर ऑस्कर शेपटीने फोडतो, म्हणून त्याला जाळीचे आवरण घालावे. टाकीत हात घालण्यापूर्वी हिटरचे बटण बंद करावे, ही सवय मुलांनाही लावावी.

मे-जूनमध्ये उलटा प्रकार. बाहेर ४५ अंश, टाकीत ३३-३४. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला तो जास्त लागतो. त्यातून चिडचिड वाढते. अशा दिवसांत खाणे कमी करावे, हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवावा, पाण्यावर छोटा पंखा सोडावा. फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बंद बाटली टाकीत तरंगत ठेवता येते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप तरी असावा, कारण फिल्टरमधले उपयोगी जंतूही प्राणवायूवरच जगतात.

हे जंतू म्हणजे टाकीचे सफाई कामगार. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. जंतू त्याचे नायट्राइट आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जंतू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणणे ही मोठी चूक. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुणे ही दुसरी. नळातल्या क्लोरिनने जंतू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज पिळावा.

आठवड्याला पाव ते तीस टक्के पाणी बदलावे. २५५ लिटरच्या टाकीसाठी चार-पाच बादल्या होतात. बदली पाणी चोवीस तास उघडे ठेवावे किंवा क्लोरिन घालवणारे औषध वापरावे. त्याचे तापमान टाकीएवढेच असावे. आरओचे निव्वळ शुद्ध पाणी वापरू नये, त्यात क्षार नसतात. उन्हाळ्यात दिल्लीत पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे माशासाठी चार बादल्या ऐकून भुवया उंचावतील. पण हे पाणी वाया जात नाही. त्यातले नायट्रेट हे खतच आहे. बाल्कनीतली तुळस आणि मोगरा ते आनंदाने पितात.

चौथ्या मजल्यावरचा भार

एक गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. २५५ लिटरची टाकी काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून साडेतीनशे किलोंच्या आसपास जाते. साडेचारशे लिटरची जवळजवळ सहाशे किलो. राहत्या घरांच्या स्लॅबचा आराखडा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून केलेला असतो, आणि ही मोठी टाकी पाऊण चौरस मीटरवर सहाशे किलो ठेवते. बाकी खोली हलकी असल्याने लगेच काही कोसळते असे नाही. पण टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेत, भक्कम भिंतीला धरून ठेवावी. मोठी टाकी घेण्यापूर्वी, आणि घर जुने असेल तर लहान टाकीसाठीही, इंजिनीअरचा सल्ला घ्यावा. भाड्याच्या घरात मालकाची परवानगीही.

बदली झाली तर?

राजधानीच्या परिसरातली कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने तिथे आलेली असतात. तीन-चार वर्षांत पुणे, नागपूर किंवा थेट गुवाहाटीची बदली. बारा वर्षे जगणाऱ्या माशाचे मग काय करायचे?

सर्वांत वाईट उत्तर म्हणजे त्याला यमुनेत, कालव्यात किंवा सोसायटीजवळच्या तळ्यात सोडणे. ‘मोकळे केले, पुण्य लागले’ असे वाटते खरे. पण थंडीने तो मेला तर ते पुण्य नव्हे, आणि जगला तर स्थानिक माशांची पिल्ले खातो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९५० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्कर पाण्यात सोडले गेले. तो आज तिथल्या कालव्यांत आणि दलदलीत कायमचा रहिवासी झाला आहे. आपल्याकडेही शोभेच्या टाक्यांतला सकर मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत आणि वाराणसीजवळ गंगेतही सापडला आहे. तिथे तो कोणी तरी सोडल्याशिवाय किंवा टाकी-तळ्यातून निसटल्याशिवाय आलेला नाही.

म्हणून मासा घेतानाच दुकानदाराला विचारावे, ‘मोठा झाल्यावर परत घ्याल का?’ मोठ्या टाकीचा छंद असलेली दोन-चार माणसे ओळखीची करून ठेवावीत. सोबत न्यायचाच असेल तर प्रवासाआधी एक-दोन दिवस त्याला उपाशी ठेवावे, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. मग प्रत्येक मासा वेगळ्या, ऑक्सिजन भरलेल्या दुहेरी पिशवीत आणि पिशवी थर्माकोलच्या खोक्यात.

आणि नोएडातल्या त्या घराचे काय करावे? त्या बाबांनी आज दुपारीच एक पडदा आणून टाकीत बसवावा. महिन्याभरात ठरवावे, की चार फूट लांब, दोन फूट रुंद टाकीसाठी घरात जागा, भार पेलणारी भिंत आणि आठवड्याला आठ बादल्या पाणी आहे का. असेल तर दोघांना आणखी एक संधी द्यावी. नसेल तर एकाला चांगल्या ठिकाणी पोहोचवावे आणि दुसऱ्यासाठी दीड फूट रुंदीची टाकी आणावी. हा निर्णय मुलाला समोर बसवून, त्याच्याशी बोलून घ्यावा. रात्री तो झोपल्यावर मासा गुपचूप नाहीसा करू नये.

कारण त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माशांच्या स्वभावात जितके आहे, तितकेच घरातल्या मोठ्यांच्या वागण्यातही आहे. ते दोघे वाईट नाहीत. त्यांना जागा कमी पडली. आणि ती जागा किती द्यायची हे त्यांच्या नाही, आपल्या हातात होते. दहा वर्षांच्या मुलाला एवढे समजले, तर त्या दोन इंची पिल्लांनी त्याला शाळेत न मिळणारा धडा दिला असे म्हणता येईल.